सीलबंद स्पोर्ट्स कार्डं दुकानातून घेताना: मुंबईतल्या संग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आम्ही काही जण स्पोर्ट्स कार्डांची, म्हणजे खेळाडूंच्या फोटोंच्या कार्डांची, अदलाबदल करायला बसतो. अधूनमधून एखादा नवा चेहरा येतो, पिशवीतून चकचकीत बॉक्स काढतो आणि विचारतो, “हा ओरिजिनल आहे ना हो?” हा प्रश्न पैसे मोजण्याआधी पडायला हवा होता, असं दर वेळी वाटतं. म्हणून पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

हवं ते कार्ड सुटं मिळतं, मग सीलबंद पाकीट घ्यायचंच कशाला?

एखाद्या ठरावीक खेळाडूचं ठरावीक कार्ड हवं असेल तर घेऊच नका. ते कार्ड सुटं घ्या, नक्की स्वस्त पडेल. सीलबंद माल दोनच कारणांसाठी घ्यावा: फोडण्याच्या आनंदासाठी, किंवा न फोडता जपून ठेवण्यासाठी. दोन्हींत तुम्ही पैसे मोजता ते ‘आत काय आहे हे अजून कुणालाच माहीत नाही’ या एका गोष्टीचे. तुमच्या आधी कुणी आत डोकावलं असेल तर त्या पाकिटात विकत घेण्यासारखं काही उरलेलं नसतं. खालचे जवळजवळ सगळे प्रश्न इथूनच निघतात.

हॉबी बॉक्स, ब्लास्टर, टिन, स्टार्टर पॅक यांत फरक काय?

हॉबी बॉक्स हा मुख्यतः कार्डांच्या खास दुकानांसाठी काढलेला माल. त्यात सहसा ठरावीक संख्येने सही केलेली किंवा जर्सीचा तुकडा बसवलेली कार्डं मिळतील असं कंपनी बॉक्सवर लिहून देते. ब्लास्टर, हँगर, फॅट पॅक वगैरे प्रकार मोठ्या स्टोअर्ससाठी. किंमत कमी, आणि बहुतेक वेळा हमीही नाही. टिन आणि स्टार्टर पॅक हे ‘मॅच अटॅक्स’ किंवा ‘ॲड्रेनलिन एक्सएल’सारख्या खेळायच्या कार्डांचे. त्यात एखादं लिमिटेड एडिशन कार्ड असतं आणि बऱ्याचदा ते कोणतं हे डब्यावरच छापलेलं असतं.

दुकानदार सगळ्यालाच ‘बॉक्स’ म्हणतो, त्यामुळे भाव विचारण्याआधी बॉक्सवर ‘हॉबी’ हा शब्द छापला आहे का ते बघा. हॉबीच्या भावात रिटेल, म्हणजे मोठ्या स्टोअर्ससाठीचा, बॉक्स खपवणं ही या धंद्यातली सगळ्यात सोपी फसवणूक आहे. त्यात सीलला हात लावावा लागत नाही आणि नंतर दुकानदार म्हणू शकतो की माल तर ओरिजिनलच दिला होता.

मुंबईत कुठे मिळतात?

मॉलमधल्या खेळण्यांच्या मोठ्या दुकानांत फुटबॉलची पाकिटं आणि टिन दिसतात. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या खेळण्यांच्या होलसेल गल्ल्यांत माल येतो, पण तिथे खरा आणि नकली शेजारी शेजारी टांगलेला असतो. अमेरिकन बेसबॉल, बास्केटबॉलचे हॉबी बॉक्स हवे असतील तर बाहेरून माल आणणारी मोजकी हॉबी दुकानं आणि कॉमिक कॉनसारख्या मेळाव्यांतले स्टॉल, एवढेच पर्याय.

स्टेशनबाहेर पथारीवर मिळणारी सोनेरी प्लॅस्टिकची कार्डं कोणत्याही कंपनीची नसतात. मुलांना खेळायला खुशाल घ्या, संग्रहात त्यांना जागा नाही.

पाकीट उघडून पुन्हा चिकटवलंय हे ओळखायचं कसं?

आधी पाकीट कसं बनतं ते समजून घ्या. फॉइलच्या पाकिटाला वर आणि खाली दाताळं दाबल्यासारखी आडवी पट्टी असते, तिला क्रिंप म्हणतात. मागे उभा सांधा असतो. हे तिन्ही जोड कारखान्यात यंत्राने उष्णता आणि दाब देऊन बसवलेले असतात, त्यामुळे क्रिंपच्या रेषा सारख्या अंतरावर आणि सारख्या खोल असतात. रिसील करणारा बहुतेकदा वरची पट्टी सोडून मागचा सांधा किंवा खालचं टोक सोडवतो, कारण गिऱ्हाईक पाकीट समोरून बघतं.

म्हणून पाकीट उलटं करा. मागच्या सांध्यावरून बोटाचं पेर हळूच फिरवा. कारखान्याचा सांधा सगळीकडे सारखा लागतो. गोंद लावलेला मध्येच कडक लागतो, किंवा त्याची कड उचललेली असते. मग क्रिंप उजेडात तिरकं धरा. रेषा कुठे सपाट झाल्यात का, दुहेरी दिसतात का, फॉइलचा रंग तिथे विटलाय का, ते बघा. आणि मुख्य म्हणजे त्याच डिस्प्लेतली, म्हणजे काउंटरवरच्या त्याच खोक्यातली, आणखी चार पाकिटं मागून घ्या आणि शेजारी ठेवा. एकट्या पाकिटातला दोष भल्याभल्यांना कळत नाही. पाच शेजारी ठेवली की शाळकरी पोरगासुद्धा वेगळं पाकीट उचलून दाखवतो.

माझ्यावर ही वेळ आली होती. दक्षिण मुंबईतल्या एका दुकानातून मी फुटबॉलची वीस सुटी पाकिटं घेतली, भावही बरा लावून दिला. घरी येऊन फोडली तर सगळी साधी बेस कार्डं, एकही चमकतं कार्ड नाही. वीसातून एकही नाही म्हटल्यावर मी कचऱ्यात टाकलेली रॅपर परत काढली आणि टेबललॅम्पखाली एकेक बघत बसलो. तेरा रॅपरांच्या मागच्या सांध्यावर केसाएवढी बारीक पांढुरकी रेघ होती. फेव्हिक्विक सुकल्यावर आजूबाजूला जशी धुरकट झाक उमटते ना, अगदी तशी. रॅपर फाडताना तो सांधा ‘टक्’ करून तुटत होता, फॉइलसारखा फाटत नव्हता. तो आवाज पहिल्याच पाकिटाला मी ऐकला होता, पण फोडायच्या घाईत लक्षच दिलं नाही. बिल नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर “माल वरूनच तसा येतो” एवढंच ऐकून परत आलो. तेव्हापासून पहिलं पाकीट मी दुकानातच, काउंटरवर, हळू फाडतो.

पूर्ण बॉक्स प्लॅस्टिकमध्ये असेल तर निर्धास्त राहायचं का?

नाही. श्रिंक रॅपचं यंत्र क्रॉफर्ड मार्केटात कुणालाही मिळतं, आणि साड्यांच्या दुकानातही असतं. बऱ्याच कंपन्या रॅपवर स्वतःचं नाव किंवा लोगो छापतात. त्याच मालिकेच्या नव्या बॉक्सचे फोटो आधी पाहून ठेवा. फोटोत छापील रॅप असेल आणि हातातलं प्लॅस्टिक कोरं असेल तर तो बॉक्स घेऊ नका.

कोरंच रॅप असलेल्या मालिकांत घट्टपणा बघा. कारखान्याचं रॅप साधारण सगळीकडे सारखं ताणलेलं असतं आणि त्याच्या जोडाची रेघ सरळ असते. हेअर ड्रायरने बसवलेल्या प्लॅस्टिकला कोपऱ्यात सुरकुत्या राहतात, कुठे जास्त तापून बारीक भोक पडतं. प्लॅस्टिक शाबूत पण आतल्या पुठ्ठ्याचं झाकण दुमडून पांढरं पडलंय असं दिसलं, तर तो पुठ्ठा आधी कुणीतरी उघडलेला आहे.

दुकानदार वजन करून पाकिटं वेगळी काढतात हे खरं आहे का?

खरं आहे. जर्सीचा तुकडा असलेलं कार्ड जाड, म्हणून जडही असतं. साधं कार्ड ठेवायचा टॉपलोडर (कडक प्लॅस्टिकचं कव्हर) ३५ पॉइंटचा मिळतो, जाड कार्डाला १३० पॉइंटचा लागतो (पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग). सोनाराच्या बारीक काट्यावर हा फरक लगेच कळतो. काही कंपन्या यावर उपाय म्हणून साध्या पाकिटांतही कोरं जाड कार्ड घालतात, पण सगळ्या नाही.

म्हणजे सील शंभर टक्के खरं आणि तरीही पाकीट ‘मेलेलं’, आत जाड कार्ड नाही हे दुकानदाराला आधीच माहीत असलेलं, असं होऊ शकतं. क्रिंप कितीही तपासा, वजन केलेलं पाकीट ओळखता येत नाही. इथे माणूसच तपासावा लागतो.

मग सुटं पाकीट घ्यावं की नाही?

तुमच्यासमोर नवा बॉक्स फोडून त्यातून देत असतील तर घ्या. अर्धा रिकामा डिस्प्ले असेल तर सरळ विचारा, “शेठ, हा कधी फोडला? यातून काही मोठं निघालं का?” हॉबी बॉक्समध्ये हमीची कार्डं मोजकीच असतात. ती निघून गेली असतील तर उरलेल्या पाकिटांचा भाव तोच कसा राहील? चांगला दुकानदार स्वतःहून सांगतो, “यातली सही निघाली, नवा बॉक्स शनिवारी फोडतो, तेव्हा या.” असा माणूस सापडला की दुसरीकडे पन्नास रुपये स्वस्त मिळतंय म्हणून त्याला सोडू नका. मी गेली काही वर्षं एकाच काकांकडून घेतो. ते आमच्यासमोर प्लॅस्टिक कापतात, पाकिटं मोजून दाखवतात आणि कुठलं उचलायचं ते आम्हाला ठरवू देतात.

पाकिटामागे ‘१:२४’ असं लिहिलंय. २४ पाकिटं घेतली की ते कार्ड मिळणारच ना?

नाही, आणि या गैरसमजापायी पुष्कळ पैसा जातो. हा आकडा संपूर्ण छपाईची सरासरी असतो, तुमच्या हातातल्या बॉक्सचं वचन नसतो. कार्डं निव्वळ नशिबाने वाटली जातात असं धरलं तर २४ पाकिटांत ते कार्ड एकदाही न येण्याची शक्यता जवळजवळ ३६ टक्के येते. हमी असेल तर ती बॉक्सवर ‘प्रत्येक बॉक्समध्ये इतकी’ अशा शब्दांत लिहिलेली असते. सरासरी आणि हमी या दोन वेगळ्या ओळी असतात, दोन्ही वाचा.

छापील किमतीपेक्षा जास्त मागतात. द्यावे का?

पाकिटावर एमआरपी असेल तर त्याहून एक रुपयाही जास्त घेणं बेकायदेशीर आहे. एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात, तेव्हा “जीएसटी वेगळा” हे उत्तर चालत नाही. रीतसर आयात केलेल्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि ग्राहकांसाठीचा संपर्क असलेला स्टिकर असावा लागतो. हा स्टिकर चुकवू नका. काही बिघडलं तर भारतात दार ठोठवायला तोच एक पत्ता असतो.

हॉबी बॉक्सच्या बाबतीत परिस्थिती वेगळी आहे. दुबई, लंडनहून कुणी स्वतः आणलेल्या मालावर स्टिकर नसतो आणि भाव बाजारावर चालतो. तो घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवा, पण घेतलात तर मालिकेचं पूर्ण नाव, वर्ष, ‘हॉबी’ हा शब्द आणि ‘फॅक्टरी सीलबंद’ एवढं लिहिलेलं पक्कं बिल मागा. नुसतं ‘कार्ड बॉक्स १ नग’ लिहिलेल्या बिलाचा पुढे काही उपयोग होत नाही.

खेळाडूच्या टी-शर्टवर क्लबचा लोगोच नाही. नकली आहे का?

असेलच असं नाही. खेळाडूंच्या संघटनेचा परवाना वेगळा आणि लीगचा वेगळा. पनिनी या कंपनीच्या बेसबॉल कार्डांवर संघांचे लोगो नसतात, कारण त्यांच्याकडे फक्त खेळाडूंच्या संघटनेचा परवाना होता. कार्डं अस्सल असतात, बाजारात किंमत मात्र लोगोवाल्यांपेक्षा साधारण कमी येते.

परवाने हातही बदलतात. प्रीमियर लीगची कार्डं आधी टॉप्सकडे होती, २०१९-२० च्या हंगामापासून पनिनीकडे गेली आणि २०२५-२६ पासून पुन्हा टॉप्सकडे आली. टॉप्स २०२२ पासून फॅनॅटिक्सच्या मालकीची आहे. त्यामुळे “ही कंपनी ही लीग काढतच नाही” असं म्हणण्याआधी वर्ष बघा. पाकिटावरची कंपनी, लीग आणि हंगाम यांचा मेळ बसत नसेल तर मात्र ते नकली.

सील ठेवलं की भाव वाढतोच ना?

नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि ९० च्या सुरुवातीला कार्डं इतकी छापली गेली की लोकांनी ती गुंतवणूक म्हणून गॅरेजात खोकी भरभरून ठेवली. त्यांतले कित्येक सीलबंद बॉक्स तीस-पस्तीस वर्षांनंतरही स्वस्त मिळतात. त्या काळाला तिथे ‘जंक वॅक्स’ म्हणतात. सगळ्यांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार? याउलट १९८६-८७ चा फ्लीअर बास्केटबॉलचा बॉक्स आज प्रचंड महाग आहे, कारण त्यात मायकल जॉर्डनचं रुकी कार्ड, म्हणजे नवखेपणीचं कार्ड, निघू शकतं आणि तेव्हा बहुतेकांनी पाकिटं फोडून टाकली होती.

जुना सीलबंद बॉक्स घेताना आणखी एक गोष्ट. काही वेळा सही केलेल्या कार्डाऐवजी आत रिडेम्प्शन कार्ड असतं, म्हणजे कंपनीकडून खरं कार्ड मागवून घ्यायची चिठ्ठी. तिला मुदत असते. सहा-सात वर्षांपूर्वीच्या बॉक्समध्ये मुदत संपलेली चिठ्ठी निघाली तर हातात फक्त कागद राहतो. बॉक्सवरच्या बारीक अक्षरांत ही तारीख बऱ्याचदा दिलेली असते.

खूप जुनं, मेणकागदातलं सीलबंद पाकीट कुणी विकत असेल तर?

फार जपून. मेणकागदाचं पाकीट थोडी ऊब दिली की अलगद उघडतं आणि पुन्हा तसंच चिकटतं. ही पळवाट माहीत असल्यामुळेच १९८९ मध्ये अप्पर डेक या कंपनीने फॉइलची पाकिटं आणली, आणि नकली कार्डं रोखायला कार्डावर होलोग्राम. जुन्या पाकिटांत बबलगमची पट्टीही असायची, आणि तिला चिकटलेल्या कार्डावर तिचा डाग पडायचा. वरचा कागद जुनाट पण आत गमचा मागमूस नाही, तर शंका घ्यायला जागा आहे.

तज्ज्ञांचा शिक्काही दर वेळी पुरत नाही. २०२२ च्या जानेवारीत लोगन पॉल या यूट्यूबरने ३५ लाख डॉलर मोजून घेतलेली, ‘खरी’ म्हणून प्रमाणित झालेली पोकेमॉनची सीलबंद पेटी उघडली, तर आतल्या बॉक्समधून जी. आय. जो या दुसऱ्याच मालिकेची पाकिटं निघाली. खेळाची कार्डं नव्हती ती, पण युक्ती तीच. सील बाहेरचं असतं, आतलं काही सांगत नाही.

क्रिकेटची सीलबंद कार्डं का दिसत नाहीत?

दिसतात, पण थोडी. आपल्याकडे बिग फन बबलगममधली क्रिकेटपटूंची चित्रं, त्यांवरच्या धावा जमवणं, नंतर ट्रम्प कार्डं, मग आयपीएलची ‘क्रिकेट अटॅक्स’ असा प्रवास झाला. यातलं जवळजवळ सगळं मुलांनी खेळून संपवलं. रबरबँड लावून, खिशात घालून, वर्गात बाकाखाली. त्यामुळे ‘क्रिकेट अटॅक्स’च्या सुरुवातीच्या हंगामांचं न फोडलेलं पाकीट कुणा जुन्या स्टेशनरीवाल्याच्या माळ्यावर सापडलं तर मला त्याचं मोल परदेशी बॉक्सपेक्षा जास्त वाटतं. उपनगरांतल्या जुन्या स्टेशनरीच्या दुकानांत विचारत राहा. “काका, जुना माल आहे का काही, क्रिकेटचा?” एवढं म्हणायला पैसे पडत नाहीत.

दुकान ‘मिस्ट्री पॅक’ विकतं. घ्यावा का?

तो कंपनीचा माल नसतो, दुकानाने किंवा तिसऱ्याच कुणीतरी पुन्हा भरलेला असतो. भरणाऱ्याला आत काय आहे ते माहीत आहे. मी घेत नाही.

मुलगा सारखी पाकिटं मागतो. किती घेऊन द्यावीत?

हा प्रश्न आया विचारतात आणि तो योग्य आहे. पाकीट फोडायची चटक लागते. मोठ्यांनाही लागते. मी माझ्या भाच्याला महिन्याला दोनच पाकिटं देतो आणि उरलेली भूक अदलाबदलीवर भागवायला सांगतो. दुबार आलेली कार्डं घेऊन तो सोसायटीत चार पोरांशी घासाघीस करतो. हव्या त्या सेटची यादी वहीत लिहितो, मिळालेल्यावर खूण करतो. सेट पूर्ण व्हायला आठ महिने लागले. शेवटचं कार्ड त्याला पाकिटातून नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीकडून मिळालं.

फसवणूक झाली तर काय करायचं?

रॅपर, बॉक्स, प्लॅस्टिक काहीही फेकू नका. महागडा बॉक्स फोडताना सील दिसेल असा, मध्ये न तोडलेला व्हिडिओ घ्या. आधी दुकानदाराशी शांतपणे बोला, कारण कधीकधी तोही वरून फसलेला असतो. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत जावं लागतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. एमआरपीहून जास्त घेतल्याची तक्रार वैध मापन शास्त्र विभागाकडे.

मुंबईच्या पावसाळ्यात सीलबंद बॉक्स टिकतात का?

जपले तर टिकतात. फॉइल आणि पुठ्ठा ओल वेगवेगळी शोषतात, त्यामुळे चमकती कार्डं पाकिटात असतानाच वाकतात. गुळगुळीत कार्डांची तर एकमेकांना चिकटून वीट बनते, आणि ती सुटी करताना पृष्ठभाग निघतो. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळा. मी हवाबंद झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून बॉक्स ठेवतो, मे अखेरीस पुड्या बदलतो आणि गणपतीनंतर पुन्हा एकदा. डबा पलंगाखाली नाही, वरच्या फळीवर. आणि बॉक्स घरी आणायचा असेल तर संध्याकाळची विरार किंवा कल्याण फास्ट सोडा, दुपारची लोकल पकडा. गर्दीत दबलेला कोपरा पुन्हा सरळ होत नाही.